फरशी वाळेपर्यंतचं जेवण

विमल सिस्टरला मी पहिल्यांदा पाहिलं, त्याच्या आधी दीड वर्षापासून मला तिचा राग येत होता. माणूस न पाहता राग यावा असं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं. सासूचा आला, जावेचा आला, पण त्या डोळ्यांसमोर होत्या. ही बाई नांदेडला, मी औशाला, मधे बसने चार तास, आणि तरी ती रोज माझ्या स्वयंपाकघरात यायची. फोनमधून यायची.

माझी एकुलती लेक राजेश्वरी तेव्हा नांदेडच्या एका दवाखान्यात सर्जन व्हायचं शिकत होती. डॉक्टर ती आधीच झाली होती. आता कापायचं आणि शिवायचं शिकायचं, त्याला अजून तीन वर्षं. मी चौथी शिकलेली. तिच्या अभ्यासाबद्दल मी काय विचारणार? एकच विचारायची, जेवलीस का. माझं माहेर निलंग्याकडचं, कर्नाटकाला लागून, म्हणून ती मला अव्वा म्हणते. तर ती म्हणायची, "हाव अव्वा, जेवले. सिस्टरनी खाऊ घातलं."

आधी मला बरं वाटलं. परक्या गावात कोणीतरी बघणारं आहे. पण मग रोज तेच. सिस्टर म्हणतात चहाबरोबर बिस्किटं खायची नाहीत. सिस्टर म्हणतात सकाळी मूठभर शेंगदाणे खाल्ल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. सिस्टरनी आज कारल्याची भाजी दिली. कारलं! अठरा वर्षं मी त्या पोरीच्या मागे कारलं घेऊन फिरले, चिंच घातली, गूळ घातला, तिने ताटाच्या कडेलासुद्धा लावू दिलं नाही. आणि आता म्हणते, सिस्टरचं कारलं कडू लागत नाही. त्या दिवशी मी फोन ठेवला आणि कारण नसताना भांडी परत घासली.

विमल सिस्टर ऑपरेशन थिएटरची मोठी सिस्टर होती. गाव हदगावकडचं. नवरा नव्हता, दोन मुलगे होते, दोघंही लांब नोकरीला. दवाखान्याच्या मागच्या क्वार्टरमध्ये ती आणि तिची म्हातारी सासू राहायच्या. वयाने माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पुढे भेट झाल्यावर मी तिला तोंडावर ताई म्हटलं, पण मनात ती 'ती बाई'च राहिली. ही वही कोणाला दाखवायची नाही, म्हणून इथेही 'त्या' न लिहिता 'ती'च लिहिते.

तिच्याकडे शिकायला येणाऱ्या डॉक्टरांची नावं ती कधी घेत नसे. पेशंटसमोर सर आणि मॅडम, पण कपडे बदलायच्या खोलीत गावाच्या नावाने हाक. बीड, परभणी, उमरगा, हिंगोली. एकाच गावचे दोघं आले की एक थोरली हिंगोली आणि एक धाकटी. राजेश्वरीला ती औसा म्हणायची. "ए औसा, इकडं ये, तोंड उघड." हे राजीने मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. गाव माझं, लेक माझी, आणि हाक तिची.

नवा डॉक्टर आला की पहिल्याच दिवशी ती त्याला पेशंटच्या वजनकाट्यावर उभं करायची आणि जो आकडा येईल तो आपल्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहून ठेवायची. मग दर महिन्याला पुन्हा. कोणी लाजलं तर म्हणायची, पेशंटचं वजन घेतल्याशिवाय भूल देत नाहीत, तुमचं घेतल्याशिवाय मी हातात कात्री देणार नाही. तिचं एक ठरलेलं बोलणं होतं: "आधी आपलं पोट, मंग पेशंटचं पोट." मोठे सरसुद्धा तिच्या पुढ्यात उभे राहून गुपचूप ताक पिऊन आत जायचे, असं राजी सांगायची.

याच्यामागे एक गोष्ट होती. तीही मला राजीनेच सांगितली. पूर्वी एकदा एक नवीन डॉक्टर, चांगला धिप्पाड, सकाळपासून उपाशी उभा होता. ऑपरेशन ऐन रंगात आलेलं, पोट उघडं, आणि हा डोळे फिरवून पुढे झुकायला लागला. थेट पेशंटवर पडला असता. सिस्टर शेजारी उभी. हात निर्जंतुक करून मोजे घातले की थिएटरात त्या हाताने दुसऱ्या कशाला शिवता येत नाही. म्हणून तिने हात वर धरले आणि कमरेचा एक धक्का असा दिला की तो गडी पेशंटवर न पडता मागे भिंतीला जाऊन बसला. ऑपरेशन पुढे चालू राहिलं. संपल्यावर तिने त्याला तिथेच फरशीवर बसवून गूळ-शेंगदाणे खाऊ घातले आणि सांगितलं, पुन्हा माझ्या थिएटरात चक्कर आली तर कंबर नाही, पाय वापरीन. तेव्हापासून काटा सुरू झाला.

ही गोष्ट राजीने मला तीनदा सांगितली. तिसऱ्या वेळेला मी म्हणाले, तुझ्या लहानपणी तू विहिरीच्या कडेला गेली होतीस, तेव्हा मीही तुला असंच मागे ओढलं होतं. ती म्हणाली, हो का. आणि तिला आतून बोलावणं आलं.

आता डब्याचं लिहिते. आमच्या लातूर भागात एसटीने डबा पाठवणं काही नवीन नाही. लातूरला शिकायला ठेवलेल्या पोरांचे डबे खेड्याखेड्यातून सकाळच्या गाडीने जातात, कंडक्टर ओळखीचे असतात, स्टँडवर पोरं उभी असतात. राजी अकरावी-बारावीला लातूरला होती तेव्हा दोन वर्षं मी रोज डबा पाठवला. त्या डब्यावर ती डॉक्टर झाली असं मी मानते. नांदेडला गेल्यावर मी आठवड्यातून तीन दिवस पाठवायला लागले. सोलापूरहून येणारी नांदेड गाडी आठच्या सुमाराला औशाला येते, लातूरवरून पुढे जाते आणि बाराच्या आसपास दवाखान्याच्या फाटकापाशी थांबते. तिथल्या चहावाल्याकडे डबा, त्याच्याकडून आत. चार पुड्यांचा स्टीलचा डबा. एकात कडक भाकरी, एकात शेंगदाण्याची चटणी आणि कारळ्याची, एकात भाजी, वरच्या लहान पुड्यात काहीतरी गोड.

पहिले सहा-सात महिने डबा अर्धा भरून परत यायचा. कधी सगळाच. भाजी आंबलेली, भाकरीला वास. मी डबा उघडायची आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहायची. आमचे मालक, म्हणजे राजीचे वडील, भुसाराच्या दुकानातून दुपारी जेवायला यायचे. ते म्हणायचे, पोरगी कामात असेल. मला माहीत होतं ती कामात आहे. पण कामात असलेली पोरगी उपाशी नव्हती ना. ती जाड होत होती.

येळवशीला ती एक दिवसाची रजा काढून घरी आली. येळवस म्हणजे आमच्याकडे शेतात जाऊन जेवायची अवस. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळ्या भावकीच्या पंगती. तिचे मागच्या वर्षीचे ब्लाऊज एकही तिला चढेना. गाल वर आलेले, गळ्याला वळी. बायका म्हणाल्या, नांदेड मानवलं की पोरीला. मला आतून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण ते माझ्या डब्याने झालेलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. समोसे, बिस्किटं, साखरेचा चहा, भूक लागेल तेव्हा जे हाताला येईल ते.

त्या पंगतीत मी तिला जेवताना पाहिलं. बाकीच्यांनी आंबिलीचा पहिला घोट घेतला तोवर तिचं पान रिकामं झालं होतं. डाव्या हाताने पान धरलेलं, जसं कोणीतरी ते काढून नेणार आहे. चावत नव्हती. मधे एकदा कोणाचा तरी फोन वाजला तर ती घास हातात घेऊन अर्धी उठली. तिचा फोन नव्हताच. लहानपणी ही पोरगी एक भाकरी खायला एक तास लावायची आणि मी शेजारी बसून तिला गोष्टी सांगायची.

जाताना ती म्हणाली, "अव्वा, डबा पाठवत जा. आता माघारी येणार न्हाई."

आणि खरंच आला नाही. त्या आठवड्यापासून डबा रिकामा, घासून पुसून यायला लागला. वरच्या लहान पुड्यात चिमूटभर साखर. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये, तशी. मी मालकांना दाखवलं. बघा, शहरात राहून पोरीला वळण लागलं. फोनवर सिस्टरच्या खाण्याचं नाव निघेना, ती आता डब्याबद्दलच सांगायला लागली. भाकरी जरा पातळ कर. चटणी लई तिखट नको. कारळ्याची जास्त टाक. मला केवढा आनंद! सांगणारी पोरगी म्हणजे खाणारी पोरगी. मी चटणीतलं तिखट निम्म्यावर आणलं. एकच घाणा वाटायचा म्हणून घरातही तीच चटणी. मालकांनी दोन दिवस खाल्लं, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ह्या घरात कोन आजारी हाय का?"

मी म्हणाले, लेकीला आवडतं तसं खा.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात बसत नव्हती. डबा रिकामा येत होता आणि पोरगी वाळत होती. फोनवर चेहरा दिसायचा तो दर महिन्याला लहान होत होता. गाल गेले, मग गळ्याची वळी गेली. पावसाळ्यात ती एकदा उभ्या उभ्या येऊन गेली तेव्हा तिच्या मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत वर सरकत होतं. मी काय काय मनात आणलं. काही दुखणं आहे. कोणी मनात भरलं आहे. दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या. विचारलं तर ती म्हणायची, मी ठणठणीत आहे, सिस्टर दर महिन्याला वजन बघतात. ते तर मला अजिबातच ऐकायचं नव्हतं.

दिवाळीला तिला रजा मिळाली नाही. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी चार तासांच्या गाडीत बसले. डबा मांडीवर घेतला. कोणाला पत्ता विचारणं मला जमत नाही, त्यामुळे फाटकापाशी उतरून मी अर्धा तास नुसती उभी होते. चहावाल्याने डबा ओळखला, मला नाही. "औशाचा ना? द्या, मी पोचवतो," असं म्हणून त्याने तो घेतला आणि माणसाबरोबर आत पाठवून दिला. मी त्या माणसाच्या मागे मागे चालत गेले. जिने, बोळ, पुन्हा जिना. तो एका खोलीत डबा ठेवून निघून गेला. मी बाहेरच्या बाकावर बसले. राजी येईल, डबा उघडेल, मग आपण आत जाऊ, असं मी मनात ठरवलं होतं.

राजी आली नाही. हिरवे कपडे घातलेली एक उंच, वाळकी बाई आली, आत गेली. थोड्या वेळाने मी दारातून पाहिलं. ती स्टुलावर बसली होती. खाली वर्तमानपत्र. त्यावर माझ्या डब्याचे चारही पुडे मांडलेले. ती भाकरी मोडून चटणीला लावून शांतपणे चावून चावून खात होती. येळवशीच्या पंगतीत मला माझ्या लेकीने जसं खावंसं वाटलं होतं, अगदी तसं.

मी दारातच उभी राहिले. तिने वर पाहिलं. तोंडातला घास चावून संपवला. मग म्हणाली, "औशाची आई ना तुम्ही? नाक तिचंच हाय."

"ताई, हा डबा माझ्या लेकीचा हाय," मी म्हणाले. एवढं बोलायला मला लई बळ लागलं.

"हाय ना माय. मी कुठं न्हाई म्हणून राहिले? बसा. वर्ष होत आलं, मीच खाऊन राहिले."

तिने मला बसवलं, चहा मागवला, आणि काही लपवलं नाही. डबा बाराला येतो. त्या वेळेला राजी आत असते, चार-पाचपर्यंत बाहेर येत नाही. तोवर उन्हाने अन्नाचं वाटोळं होतं. पोरगी रडायची की आई पहाटे उठून करते आणि मी टाकून देते. "मंग मीच म्हणले, औसा, डबा मी खाते, तू माझ्या घरचं खा. आईला सांगू नको. डबा भरून माघारी गेला की करणारीचा जीव तुटून राहतो." पातळ भाकरी सासूला दात नाहीत म्हणून, ती एक सासूसाठी घरी न्यायची. तिखट कमी, कारण तिच्या स्वतःच्या पोटात जखम होती. कारळ्याची चटणी दोघींना आवडायची.

मी ऐकत होते. म्हणजे वर्षभर मी पहाटे साडेचारला उठून, घरच्या माणसाचं तोंड बेचव करून, ह्या बाईला आणि हिच्या सासूला जेवू घालत होते. आणि ही माझ्या लेकीला.

"तुमच्या हाताला चव हाय," ती म्हणाली. "पर तुमचं जेवण बसून जेवायचं हाय."

मला ते कळलं नाही. ती उठली, मला बोळाच्या टोकाला एका काचेच्या दारापाशी घेऊन गेली. आत एक बाई फरशी पुसत होती. दाराबाहेर पुढचा पेशंट ढकलगाडीवर झोपलेला. सिस्टर म्हणाली की एक ऑपरेशन संपलं आणि दुसरं सुरू व्हायचं, त्याच्या मधे ही फरशी पुसतात. ती पुसून वाळेपर्यंत तुमच्या लेकीचं जेवण. "भाकर मोडायची कधी, कालवायची कधी?"

तेवढ्यात राजी बाहेर आली. तोंडावरचं फडकं खाली ओढलेलं, कपाळावर टोपीचा वळ. सिस्टरने कपाटातून झाकणाचा स्टीलचा पेला काढला. त्यात भाकरी ताकात मऊ कुस्करलेली, वर घट्ट वरण, मीठ, थोडं लिंबू. चमचा आत उभा. राजीने पेला घेतला आणि उभ्यानेच खायला लागली, आणि तिसऱ्या चमच्याला तिचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"अव्वा? तू कशी आलीस?"

मी सांगणार होते. पण आतली बाई बादली उचलून निघाली होती. राजीने दोन चमचे एकदम तोंडात घातले, माझ्या खांद्याला हात लावला आणि आत गेली. तिच्या चेहऱ्यावर मला पाहिल्याचा आनंद होता आणि सापडल्याची भीतीही होती. दोन्ही मी पाहिलं. फरशी अजून थोडी ओली होती.

निघताना सिस्टर कपाटात पेला ठेवत होती तेव्हा दाराची आतली बाजू मला दिसली. गावांच्या नावांखाली आकडे. मला आकडे वाचता येतात. औसाखाली लांब रांग: एकसष्टपासून चढत बाहत्तरपर्यंत, मग उतरत अडुसष्ट, चौसष्ट, अठ्ठावन्न, आणि खाली तीन वेळा अठ्ठावन्न. सिस्टर म्हणाली, आता थांबलं बघा, हे तिचं खरं वजन. बाहत्तर म्हणजे समोसे होते.

मला तिचं जन्माचं वजन पाठ होतं, अडीच किलो, लातूरच्या दवाखान्यातल्या ताईने मोठ्याने सांगितलं होतं. त्याच्या पुढचं सगळं ह्या बाईच्या कपाटाला लिहिलेलं. आणि खरं सांगते, मला बाहत्तरवाली राजी पाहिजे होती. मला तिच्या समोशांचाही एवढा राग नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी दोन डबे पाठवले. एक राजीचा, त्यात लाह्यांच्या पिठाचे घोटीव लाडू, धपाट्याचे एका घासाचे तुकडे, सगळं फरशी वाळायच्या आत खाता येईल असं. दुसरा सिस्टरचा. त्यात आमच्याकडची खरी चटणी, पूर्ण तिखटाची, वर कच्चं तेल. मला तिच्या पोटातली जखम माहीत नव्हती असं मी म्हणू शकत नाही. तिने मला सांगितलं होतं. मी चटणी वाटताना ते आठवतच वाटत होते. मनात म्हणत होते की आता कळू दे, औशाचं जेवण कसं असतं.

दोन्ही डबे रिकामे परत आले. दोन्हींत चिमूटभर साखर.

तिसऱ्या दिवशी राजीचा फोन आला. नेहमीसारखं अव्वा म्हणून थांबली नाही. म्हणाली, सिस्टर रजेवर आहेत. पोटात आग पडली आहे, दोन दिवस नुसत्या ताकावर आहेत.

"मंग खाल्ली कशाला?" मी म्हणाले. "टाकायची की."

"तू पाठवली म्हणून खाल्ली. मी हातातून घेत होते तर दिली न्हाई." मग म्हणाली, "अव्वा, तुला म्हाईत होतं ना?"

माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही आणि खरंही बोलवलं नाही. तिने फोन ठेवला. नंतर आठ दिवस तिचा फोन आला नाही. ते आठ दिवस मी कसे काढले ते मालकांनाही कळू दिलं नाही. जी पोरगी मी त्या बाईकडून परत ओढू बघत होते, ती मी स्वतःच्या हाताने तिकडे ढकलली होती. माफी मागायला फोन करावा, तर सिस्टरशी काय बोलायचं? मला तोंडाने ते जमलं नसतं. मी पुन्हा निम्म्या तिखटाची चटणी वाटली, पातळ भाकरी केल्या, सिस्टरच्या सासूची एक वेगळी कपड्यात गुंडाळली, आणि एकच डबा पाठवला, आधीसारखा. राजीसाठी काही घातलं नाही. तो परत आला तेव्हा लहान पुड्यात साखर होती, आणि संध्याकाळी राजीचा फोन आला. म्हणाली, सिस्टर म्हणतात भाकरी मस्त होती. मी म्हणाले, बरं. त्याच्यापुढे त्या चटणीचा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

उरलेलं दीड वर्ष मी विमल सिस्टरचा डबा करत राहिले. माझ्या लेकीसाठी करते असं मी लोकांना सांगायची. राग गेला होता असं नाही. कणीक मळताना रोज यायचा. पण पीठ मळून व्हायचं.

आता राजी लातूरला एका दवाखान्यात सर्जन आहे, आठवड्यातून दोनदा घरी येते. सिस्टर नोकरीतून सुटून हदगावला गेली. राजी तिला दर रविवारी फोन करते. मी त्या वेळेला अंगणात जाते. मला बोल म्हणते, पण मी बोलत नाही, मला फोनवर बोलता येत नाही असं सगळ्यांना माहीत आहे.

तिला मी शेवटचं पाहिलं ते राजीची तीन वर्षं संपली त्या दिवशी. मालक गाडी घेऊन सामान न्यायला आले होते, ते हॉस्टेलवर थांबले. मी वर गेले. दुपारची वेळ होती. राजी सकाळपासून आत होती, कोणाचं तरी आतडं फुटलं होतं. त्या दिवशी मला कोणाला विचारावं लागलं नाही, मधल्या एक-दोन खेपांनी बोळ पाठ झाले होते. कपडे बदलायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत राजी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून भिंतीला डोकं टेकून होती, टोपी अजून डोक्यावर, डोळे मिटलेले. हात मांडीवर उताणे पडलेले, पाण्याने बोटांची कातडी पांढरी, सुरकुतलेली. समोर सिस्टर वाकून उभी, पेल्यातला काला हाताने तिला भरवत होती. राजी झोपेतच तोंड उघडत होती.

सिस्टरने मला पाहिलं. मानेने मला आत बोलावलं, बेसिनकडे बोट दाखवलं. मी हात धुतले. तिने पेला माझ्या हातात दिला, टॉवेलला हात पुसला आणि दाराकडे गेली.

मी घास केला. राजीने तोंड उघडलं. किती वर्षांनी मी तिला भरवत होते, ते मला मोजता आलं नाही. दुसरा घास दिला. तोही तिने घेतला, हळूहळू चावला. तिसरा ओठाशी नेला तेव्हा ती डोळे मिटूनच म्हणाली, "बास, सिस्टर."

माझ्या हातात डझनभर काकणं होती. सिस्टरच्या हातात एकही नसायचं, थिएटरात चालत नाहीत. ती काकणं राजीच्या कानाजवळ वाजत होती आणि तरी तिला फरक कळला नाही.

सिस्टर दारात पोचली होती. तिने ऐकलं आणि ती वळली. मला वाटलं ती हसेल, नाहीतर राजीला उठवून सांगेल की अगं, आई आहे तुझी. तिने दोन्ही केलं नाही. ओठावर बोट ठेवलं. मग तोच हात पुढे करून मला दोन बोटं दाखवली. अजून दोन घास.

मी दिले. राजीने दोन्ही घेतले. त्यानंतरचा एक मी माझ्या मनाने केला आणि तिच्या ओठाशी नेला, तर तिने तोंड फिरवलं. मी वर पाहिलं तेव्हा दारात कोणी नव्हतं. बोळातून सिस्टरच्या चपला लांब जाताना ऐकू येत होत्या, आणि पेल्यात एक घास उरला होता.